अणुकेंद्रकात कवचे खरोखर असतात का?

प्रश्न एम.एस्सी. करणाऱ्या एका वाचकाचा आहे. थोडक्यात असा: "अणूमधली इलेक्ट्रॉनांची कवचे समजतात, कारण मध्यभागी जड, धनप्रभारित केंद्रक असते आणि इलेक्ट्रॉन त्याच्याभोवती असतात. अणुकेंद्रकाच्या मध्यभागी तर काहीच नाही. प्रोटॉन-न्यूट्रॉन एकमेकांना खेटून बसलेले, आणि त्यांच्यातले बल प्रचंड. मग कक्षा कुठून आल्या? शेल मॉडेल, म्हणजे केंद्रकातले कण कवचांत बसतात असे मानणारे प्रतिमान, हे वास्तवाचे वर्णन आहे, की आकडे जुळवण्याची युक्ती? आणि २८, ५०, ८२, १२६ हेच आकडे का?"

यात तीन प्रश्न आहेत. कक्षा कुठून आल्या, या प्रश्नाला पाठ्यपुस्तके दोन ओळींत उरकतात. आकडे हेच का, यावर पानेच्या पाने लिहितात. "हे वास्तव आहे का" यावर मात्र बहुतेक जण गप्प बसतात. मी पंचवीसहून अधिक वर्षे हेच हिशेब करतो आणि शिकवतो. माझ्या अनुभवात सगळे गैरसमज त्या गप्प बसण्यातून निघतात, म्हणून त्यावर जास्त लिहितो.

आधी मोजलेले काय आहे आणि आपण लावलेला अर्थ काय आहे, हे वेगळे करू. ही सवय आत्ताच लावून घ्या.

मोजलेले असे. कथिलात ५० प्रोटॉन असतात आणि त्याचे १० स्थिर समस्थानिक आहेत; इतके दुसऱ्या कुठल्याच मूलद्रव्याचे नाहीत. २० न्यूट्रॉन असलेली पाच स्थिर अणुकेंद्रके आहेत, गंधक-३६ पासून कॅल्शियम-४० पर्यंत. १९ किंवा २१ न्यूट्रॉनांचे एकही नाही. शिसे-२०८ मध्ये ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन असतात. त्यातला एक न्यूट्रॉन बाहेर काढायला ७.३७ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) लागतात. शिसे-२०९ मधला जादाचा न्यूट्रॉन मात्र ३.९४ एमईव्हीत सुटतो. याच शिसे-२०८ ला डिवचायचे म्हटले, तर त्याची पहिली उत्तेजित पातळी थेट २.६१५ एमईव्हीवर आहे. एवढ्या जड अणुकेंद्रकासाठी हे विलक्षण आहे. त्याच्या आसपासच्या बहुतेकांची पहिली पातळी याच्या कितीतरी खाली असते.

ही शेवटची गोष्ट तुम्ही स्वतः पाहू शकता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत चांगला गॅमा डिटेक्टर असेल, तर कुठलाही स्रोत न ठेवता तो रात्रभर चालू ठेवा. वर्णपटाच्या उजव्या टोकाला, बाकी सगळे शांत झाल्यावर, २६१५ केईव्हीवर (म्हणजेच २.६१५ एमईव्हीवर) एक सुटे शिखर उभे दिसेल. भिंतीतल्या थोरियमच्या मालिकेत थॅलियम-२०८ पासून शिसे-२०८ तयार होते, आणि ते आपल्या पहिल्या पातळीवरून खाली उतरताना सोडलेला हा गॅमा किरण. ही रेषा इतक्या वर आली, ती शिसे-२०८ 'जादुई' असल्यामुळेच; ज्या संख्यांवर कवच भरते त्या २८, ५०, ८२, १२६ यांसारख्या संख्यांना जादुई संख्या म्हणतात. विद्यार्थी असताना मी ती रेषा डिटेक्टरच्या कॅलिब्रेशनसाठी कित्येक महिने वापरली, पण ती काय सांगते आहे हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

हे सगळे मोजमाप. त्याचा अर्थ लावताना आपण म्हणतो की न्यूट्रॉन वेगवेगळ्या पातळ्यांवर बसतात, १२६ झाले की एक कवच भरते आणि पुढचा न्यूट्रॉन वरच्या, दूरच्या पातळीवर जातो. या वाक्यातल्या पातळ्या कोणी पाहिलेल्या नाहीत.

मध्यभागी काही नसताना कक्षा

नेहमी मिळणारे उत्तर पाउलीच्या अपवर्जन तत्त्वाचे आहे: दोन सारखे कण एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. पंगत डोळ्यांसमोर आणा. सगळे पाट भरलेले, आणि एका पाटावर एकच माणूस. शेजारच्या दोघांनी एकमेकांना कितीही कोपरखळ्या मारल्या तरी हलायचे तर रिकामा पाट हवा, आणि रिकामे पाट आहेत पार पलीकडच्या ओळीत. तिथवर पोहोचण्याइतकी ऊर्जा त्या कोपरखळीत नसते. दोघांनी आपसात जागा बदलल्या तर? दोन्ही न्यूट्रॉन असतील तर ते अभिन्न आहेत, जागा बदलल्या असे म्हणण्यालाच अर्थ नाही. म्हणून दाटीवाटीतही टकरी होऊनही काही घडत नाही, आणि प्रत्येक कण जणू एकटाच असल्यासारखा वावरतो. भौतिकशास्त्रज्ञ व्हिक्टर वाइसकॉफ यांनी १९५० च्या सुमारास हा युक्तिवाद मांडला आणि तो बरोबर आहे.

पण तो अपुरा आहे. पाट आधीच मांडलेले आहेत हे त्यात गृहीत धरले आहे. समजा, सगळे न्यूक्लिऑन (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांचे सामाईक नाव) स्फटिकातल्या अणूंसारखे आपापल्या जागी गोठून बसले असते. मग पंगतच नाही, आणि पाउलीला अडवायला काही उरत नाही. तेव्हा आधी विचारायला हवे की अणुकेंद्रक गोठत का नाही.

याचे उत्तर भौतिकशास्त्रज्ञ बेन मॉटेल्सन यांनी एका साध्या गुणोत्तराने दिले, आणि ते प्रत्येक अभ्यासक्रमात असायला हवे असे मला मनापासून वाटते. दोन कणांना एकमेकांपासून जिथे सर्वांत जास्त आकर्षण वाटते, ते अंतर घ्या. एवढ्या जागेत कणाला कोंडले तर अनिश्चिततेच्या नियमामुळे त्याला किती गतिज ऊर्जा येईल ते काढा, आणि तिला आकर्षणाच्या खोलीने भागा. न्यूक्लिऑनांसाठी अंतर साधारण १ फेमटोमीटर (मीटरच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग) आणि खोली साधारण १०० एमईव्ही. प्लांकच्या लघुकृत स्थिरांकाचा वर्ग भागिले न्यूक्लिऑनचे वस्तुमान ही राशी ४१.५ एमईव्ही गुणिले फेमटोमीटर वर्ग इतकी येते, म्हणून उत्तर ०.४. घन निऑनसाठी हेच उत्तर ०.००७ येते. कमालीच्या थंडीतही सामान्य दाबाखाली जे गोठत नाही, त्या द्रवरूप हीलियमसाठी ते ०.१ आणि ०.२ च्या दरम्यान आहे. अणुकेंद्रक तर त्याच्याही पुढे.

म्हणजे 'बल प्रचंड आहे' हे अर्धेच खरे. कणांच्या स्वतःच्या चुळबुळीपुढे ते बल फार मोठे नाही. ड्यूटेरॉन पाहा: एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन, बंधनऊर्जा जेमतेम २.२ एमईव्ही, आणि एकही उत्तेजित बद्ध पातळी नाही. दोन न्यूट्रॉन तर एकमेकांना धरूनच ठेवू शकत नाहीत. अशा कणांना एका जागी बसवता येत नाही. त्यांच्या लहरी सगळ्या अणुकेंद्रकभर पसरतात. प्रत्येक कणाला मग शेजाऱ्याचे बल जाणवण्याऐवजी सगळ्यांच्या बलाची सरासरी जाणवते. ही सरासरी म्हणजेच विभवविहीर, सुमारे ५० एमईव्ही खोल. अणूमध्ये विहीर केंद्रकाने आधीच खणून ठेवलेली असते. इथे प्रत्येक न्यूक्लिऑन बाकीच्यांनी मिळून खणलेल्या विहिरीत राहतो आणि स्वतःही इतरांसाठी खणत असतो. विहीर आणि तिच्यातले रहिवासी यांची उत्तरे एकमेकांशी जुळेपर्यंत हिशेब पुन्हापुन्हा करायचा, हीच हार्ट्री-फॉक पद्धत.

एक अडचण राहते. अर्धा फेमटोमीटरपेक्षा जवळ आले की न्यूक्लिऑन एकमेकांना जोरात ढकलतात, आणि एवढ्या तीव्र बलाची साधी सरासरी काढता येत नाही. १९५० च्या दशकात कीथ ब्रुकनर, हान्स बेथे, जेफ्री गोल्डस्टोन यांनी यातून वाट काढली. दोन कण जवळ आल्यावर त्यांच्या लहरीला आतल्या बाजूला खाच पडते, पण पाउलीमुळे ती लहर कायमची विस्कटत नाही. पुढच्या कणाची गाठ पडायच्या आत खाच भरून येते. या क्षेत्रात तिला 'जखम' आणि भरून येण्याला 'जखम भरणे' असेच म्हणतात. जखमेचा परिणाम पोटात घेतलेले एक सौम्य, 'परिणामी' बल मिळते आणि सरासरी काढायची ती त्याची. हे लक्षात ठेवा. पुढचा सगळा गुंता यातूनच निघतो. विहिरीतला कण हा मूळचा नुसता न्यूक्लिऑन नाही. शेजाऱ्यांशी झालेल्या झटापटींची झूल पांघरलेला तो कण आहे.

हेच आकडे का

याबद्दल सगळीकडे लिहिलेले असते, म्हणून मोजकेच. गोल आणि साध्या विहिरीत, स्प्रिंगसारख्या बलाने, कवचे २, ८, २०, ४०, ७०, ११२ वर भरतात. पहिले तीन बरोबर, पुढचे सगळे चूक. १९४८ मध्ये मारिया गेपर्ट मायर यांनी ५०, ८२, १२६ यांचा पुरावा एकत्र मांडला, पण कारण त्यांना सापडले नव्हते. त्या तेव्हा शिकागो विद्यापीठात बिनपगारी काम करत होत्या, आणि अर्गोन प्रयोगशाळेत अर्धवेळ नोकरी होती. एनरिको फर्मी त्यांच्याशी बोलता बोलता फोन घ्यायला उठले आणि दारातून विचारते झाले की स्पिन-कक्षा जोडणीचा काही पुरावा आहे का, असा प्रसंग सांगितला जातो. फर्मींच्या या प्रश्नाचे श्रेय मायर यांनी आपल्या शोधनिबंधातच दिले आहे. १९४९ मध्ये जर्मनीत ओटो हाक्सेल, हान्स येनसेन आणि हान्स ज्यूस स्वतंत्रपणे त्याच उत्तराला पोहोचले. मायर आणि येनसेन यांना १९६३ चे नोबेल मिळाले, त्याच वर्षी यूजीन विग्नर यांच्यासोबत.

कल्पना अशी. कणाचा स्पिन, म्हणजे त्याचा स्वतःचा अंगभूत कोनीय संवेग, त्याच्या कक्षीय कोनीय संवेगाच्या (पुढे नुसता संवेग) दिशेने असेल तर ऊर्जा खाली जाते, उलट असेल तर वर, आणि संवेग जितका मोठा तितके हे अंतर मोठे. म्हणून प्रत्येक कवचातली सर्वांत मोठ्या संवेगाची पातळी तुटून खाली येते आणि तिथे नवी फट पाडते. पातळ्यांच्या नावांत अक्षर कक्षीय संवेग सांगते आणि अपूर्णांक स्पिन धरून एकूण संवेग. एफ ७/२ मध्ये ८ कण मावतात: २० आणि ८ मिळून २८. जी ९/२ मध्ये १०: ४० वरून ५०. एच ११/२ मध्ये १२: ७० वरून ८२. आय १३/२ मध्ये १४: ११२ वरून १२६. मी हे फळ्यावर लिहितो तेव्हा दरवर्षी वर्गात एक क्षण शांतता पसरते, आणि ती मला अजूनही आवडते.

पण या जोडणीचा आकार पाहा. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर, याच जोडणीने वेगळ्या होतात. फरक एक सहस्रांश. ऑक्सिजन-१७ मध्ये शेवटच्या न्यूट्रॉनच्या डी ५/२ आणि डी ३/२ पातळ्यांत ५.१ एमईव्हीचे अंतर आहे, आणि तिथे कवचांमधले अंतर साधारण १६ एमईव्ही. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. शिवाय चिन्ह उलटे. अणूतल्या चुंबकीय कारणाने हे होणे शक्य नाही.

सर्वांत समाधानकारक उत्तर मला डिरॅकच्या समीकरणातून, म्हणजे सापेक्षतावादी क्वांटम समीकरणातून, येणारे वाटते. अणुकेंद्रकातल्या न्यूक्लिऑनवर दोन मोठी क्षेत्रे काम करतात: एक आकर्षक, सुमारे ४०० एमईव्हीचे, दुसरे प्रतिकर्षक, सुमारे ३५० एमईव्हीचे. विहिरीची खोली ठरवताना त्यांची वजाबाकी होते आणि उरतात ५०. स्पिन-कक्षा जोडणीत मात्र त्यांची बेरीज होते, ७५०. उथळ विहीर आणि दांडगी जोडणी या दोन्ही गोष्टी एकाच झटक्यात निघतात, चिन्हासकट. आपल्याकडच्या वाचकांना हे माहीत असावे म्हणून सांगतो: या सापेक्षतावादी सरासरी-क्षेत्र पद्धतीने मर्यादित आकाराच्या अणुकेंद्रकांचे पद्धतशीर हिशेब करणारा, आजही उद्धृत होणारा १९९० चा निबंध पवईच्या आयआयटीतले वाय. के. गंभीर यांनी पेटर रिंग आणि थिमेट यांच्याबरोबर लिहिला. न्यूक्लिऑनांमधल्या दोन-कणी आणि तीन-कणी बलांतूनही ही जोडणी निघते. दोन भाषांत सांगितलेली ती एकच गोष्ट आहे. एक खरी म्हणून दुसरी खोटी ठरत नाही.

मग या कक्षा आहेत की नाहीत

आता तुमचा मधला प्रश्न. कक्षांच्या बाजूने सर्वांत देखणा पुरावा १९८२ चा, फ्रान्समधल्या सॅकले प्रयोगशाळेचा. शिसे-२०६ आणि थॅलियम-२०५ यांच्यात फरक फक्त एका प्रोटॉनचा, आणि शेल मॉडेलनुसार तो प्रोटॉन ३एस (कक्षीय संवेग शून्य असलेल्या) कक्षेतला. दोन्हींवर वेगवान इलेक्ट्रॉन मारून प्रभाराची वाटणी मोजली आणि एकातून दुसरी वजा केली. उरलेल्या आलेखात नेमकी ३एस लहर दिसली: मध्यभागी उंच शिखर, मग चढउतार. इतक्या दाटीवाटीच्या ठिकाणी, अगदी केंद्राजवळ, एका कणाची लहर ओळखू यावी हे थक्क करणारे आहे.

पण शिखर अपेक्षेइतके उंच नव्हते. त्यानंतर ॲमस्टरडॅमच्या निखेफ प्रयोगशाळेमध्ये इलेक्ट्रॉन मारून प्रोटॉन बाहेर काढण्याचे प्रयोग झाले. वरच्या कक्षांतल्या प्रोटॉनांचा हिशेब साध्या शेल मॉडेलच्या ६० ते ६५ टक्केच भरला, आणि तोही बहुतेक सगळ्या बंद-कवची अणुकेंद्रकांत. पुढे २००८ मध्ये अमेरिकेतल्या जेफरसन प्रयोगशाळेने कार्बन-१२ मधून आणखी एक चित्र दाखवले. एका क्षणी सुमारे २० टक्के न्यूक्लिऑन अगदी जवळ आलेल्या, अतिवेगवान जोड्यांत सापडतात, आणि त्या जोड्यांतल्या बहुतांश प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या असतात. विहिरीच्या चित्रात त्यांना जागाच नाही.

तेव्हा "पस्तीस टक्के कण कक्षेबाहेर आहेत" असे म्हणायचे का? बरीच वर्षे आम्ही तसेच म्हणत होतो, मीही. आता म्हणत नाही, आणि का ते सांगतो.

अणुकेंद्रकाची एकूण ऊर्जा, त्यातून कण काढायला लागणारी ऊर्जा, प्रयोगातला आघातछेद (टक्कर होण्याची शक्यता सांगणारी राशी) या मोजण्याच्या गोष्टी आहेत. तुम्ही कुठलेही गणित वापरा, त्यांची उत्तरे बदलत नाहीत. पण समीकरणात आपण एक गणिती फेरबदल करू शकतो: अगदी जवळच्या अंतरावरचा तपशील लहरींतून काढून बलांत आणि प्रक्रिया वर्णन करणाऱ्या कारकांत सरकवायचा. एकही मोजमाप बदलत नाही. बदलते ते काय? अतिवेगवान जोड्यांचे प्रमाण. कक्षेतला कणांचा हिस्सा. आणि खुद्द एक-कणी पातळीची ऊर्जा. बारीक नजरेने पाहिले तर अणुकेंद्रक जोड्यांनी खदखदत असते. ढोबळ नजरेने पाहिले तर तेच अणुकेंद्रक शांत पंगतीसारखे दिसते, आणि इलेक्ट्रॉन एका कणावर आदळला न म्हणता दोघांवर मिळून आदळला असे म्हणावे लागते. दोन्ही वर्णनांतून प्रयोगाचा आकडा तोच निघतो. विद्युत विभवाचे शून्य कुठे धरायचे हे आपण ठरवतो, तसेच हे, फक्त इथले स्वातंत्र्य कितीतरी मोठे.

मिशेल बारांजे यांनी १९७० मध्ये कक्षेच्या ऊर्जेची नीट व्याख्या दिली: कण घालताना आणि काढताना मिळणाऱ्या सगळ्या तुकड्यांची योग्य सरासरी. व्याख्या चोख आहे. पण एकविसाव्या शतकात, विशेषतः तोमा द्युगे आणि सहकाऱ्यांच्या कामातून, स्पष्ट झाले की ही सरासरीसुद्धा वर सांगितलेल्या फेरबदलाबरोबर बदलते. म्हणजे 'कवचांमधली फट' ही निरीक्षणाची राशी नाही. शिसे-२०८ साठी ७.३७ वजा ३.९४ म्हणजे ३.४३ एमईव्ही हे मोजमाप आहे. त्याला 'फट' म्हणणे हा अर्थ आहे. शिसे-२०८ मध्ये हा अर्थ मोजमापाला जवळजवळ चिकटून बसतो, म्हणून दोन्हींत गल्लत झाली तरी फारसे बिघडत नाही. जादुई संख्यांपासून दूर गेलात की बिघडते.

याचा अर्थ 'काहीही चालते' असा मात्र अजिबात नाही. फेरबदलाची एक निवड पक्की केली आणि ती सगळीकडे तशीच ठेवली, तर त्या चौकटीत पातळ्या कशा सरकतात ही तुलना अर्थपूर्ण असते आणि तिच्यातून भाकिते निघतात. चूक होते ती एका गटाच्या चौकटीतली फट आणि दुसऱ्या गटाच्या चौकटीतले कणांचे हिस्से एकाच तक्त्यात शेजारी मांडले की. असे तक्ते आजही छापून येतात.

जिथे याने फरक पडतो

१९७५ मध्ये सर्न या युरोपीय प्रयोगशाळेमध्ये सोडियमच्या न्यूट्रॉनसमृद्ध समस्थानिकांची वस्तुमाने मोजली, आणि २० न्यूट्रॉनांच्या आसपास ती अपेक्षेपेक्षा जास्त घट्ट बांधलेली निघाली. कवच भरल्याची खूण तिथे नव्हती. पुढचे चित्र आणखी बोलके आहे. सिलिकॉन-३४ मध्ये २० न्यूट्रॉन असतात आणि स्पिन २ असलेली पहिली पातळी ३.३ एमईव्हीवर आहे: जादुई वागणूक. फक्त दोन प्रोटॉन काढा, मॅग्नेशियम-३२ मिळते, न्यूट्रॉन तेवढेच २०. पातळी कोसळून ०.८८५ एमईव्हीवर येते. १९९५ मध्ये जपानच्या रिकेन संशोधन संस्थेमध्ये मोजमाप झाले तेव्हा हे अणुकेंद्रक चांगलेच लांबट असल्याचे दिसले.

याची संगती अशी लावतात. डी ५/२ मधले प्रोटॉन डी ३/२ मधल्या न्यूट्रॉनांना आपल्याकडे ओढतात. यात स्पिनांच्या दिशेवर अवलंबून असणाऱ्या टेन्सर बलाचा मोठा वाटा आहे, आणि ते जपानी भौतिकशास्त्रज्ञ ताकाहारू ओत्सुका यांनी ठसवले. प्रोटॉन काढले की ओढ कमी होते, न्यूट्रॉनची पातळी वर सरकते, २० ची फट अरुंद होते. मग काही न्यूट्रॉन फट ओलांडून वर जातात. त्यासाठी ऊर्जा मोजावी लागते, पण वर गेल्याने अणुकेंद्रकाला लांबट होता येते आणि त्यातून जास्त ऊर्जा परत मिळते. व्यवहार फायद्यात पडतो.

आता प्रश्न: कवच मोडले ते फट अरुंद झाल्यामुळे, की लांबट होण्यातल्या कमाईमुळे? शोधनिबंधांत यावर तावातावाने लिहिलेले सापडेल. पण खर्च आणि कमाई यांची विभागणी तुमच्या चौकटीवर ठरते. पातळी ०.८८५ वर येणार, हे दोन्ही बाजूंनी सारखेच निघते. वादातला निम्मा भाग निसर्गाबद्दल नसून हिशेबाच्या वहीतल्या रकान्यांबद्दल आहे.

ऑक्सिजनचे उदाहरण वेगळे आहे, कारण तिथे एक नवी भौतिक गोष्ट हाती लागली. ऑक्सिजनचा शेवटचा बद्ध समस्थानिक ऑक्सिजन-२४, न्यूट्रॉन १६. एकच प्रोटॉन जास्त असलेला फ्लोरीन मात्र ३१ पर्यंत, म्हणजे २२ न्यूट्रॉनांपर्यंत जातो. दोन-कणी बलांचे हिशेब ऑक्सिजनला यापेक्षा पुढे नेत होते. २०१० मध्ये ओत्सुका आणि सहकाऱ्यांनी तीन-कणी बल धरले, त्यातून न्यूट्रॉनांमध्ये जादाचे प्रतिकर्षण आले, आणि सीमा २४ वर थांबली. इथे चौकट बदलून पळवाट काढता येत नाही. कुठला समस्थानिक बद्ध आहे हे मोजमाप आहे. ८ प्रोटॉन आणि २० न्यूट्रॉनांचा ऑक्सिजन-२८ जुन्या यादीप्रमाणे दुहेरी जादुई, म्हणजे दोन्ही संख्या जादुई असलेला, ठरायला हवा होता. २०२३ मध्ये रिकेनमध्ये तो अखेर सापडला, तेव्हा तो चार न्यूट्रॉन टाकून ऑक्सिजन-२४ होत होता. उलट कॅल्शियममध्ये ३२ आणि ३४ न्यूट्रॉनांवर नवी जादुई चिन्हे दिसली. कॅल्शियम-५४ ची स्पिन २ ची पातळी २०१३ मध्ये सुमारे २ एमईव्हीवर मिळाली. २, ८, २०, २८ ही यादी स्थिर अणुकेंद्रकांच्या शेजारची आहे. ती पाठ करा, पण तिला निसर्गनियम समजू नका.

तुम्ही काय करावे

वाचण्यापेक्षा एक हिशेब हाताने करा, असे मी सुचवेन. क्लोरीन-३८ मध्ये कवचाबाहेर एक प्रोटॉन (डी ३/२) आणि एक न्यूट्रॉन (एफ ७/२) आहे. त्यांचे स्पिन जुळून २, ३, ४, ५ अशा चार पातळ्या होतात: २ सर्वांत खाली, ५ ही ०.६७ वर, ३ ही ०.७६ वर, ४ ही १.३१ एमईव्हीवर. पोटॅशियम-४० मध्ये न्यूट्रॉन तोच, पण डी ३/२ मध्ये तीन प्रोटॉन, म्हणजे भरलेल्या कक्षेत एक रिकामी जागा. कण आणि रिकामी जागा यांच्यातले नाते निव्वळ कोनीय संवेगाच्या भूमितीने ठरते. बलाचे स्वरूप माहीत असण्याची गरज नाही. १९५६ मध्ये हे नाते दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सापडले: गोल्डस्टाइन आणि इगाल ताल्मी यांना, आणि पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झालेले सुधीर पंड्या यांना. जगभर ते आज 'पंड्या रूपांतर' म्हणून शिकवतात.

क्लोरीनचे चार आकडे घ्या, सहा-जे गुणांकांचा (कोनीय संवेग जोडताना लागणाऱ्या ठरावीक संख्यांचा) तक्ता घ्या, बेरजा करा. क्रम उलथापालथ होऊन बाहेर येतो: ४ सर्वांत खाली, ३ तिला जवळजवळ चिकटून, मग ०.८ च्या आसपास २ आणि ०.९ च्या आसपास ५. मोजलेल्या किमती ०, ०.०३, ०.८० आणि ०.८९. केळ्यात आणि आपल्या स्नायूंत असलेल्या पोटॅशियम-४० ची चार पातळ्यांची रचना कागद-पेन्सिलने हाती येते. कक्षा ही निव्वळ युक्ती असती तर हे का जुळावे, असा प्रश्न त्या संध्याकाळी तुम्हाला पडेल, आणि पडायलाच हवा.

दुसऱ्या दिवशी १९६६ चे 'स्यूडोनियम'वरचे काम वाचा. कोहेन, लॉसन आणि सोपर यांनी संगणकात एक काल्पनिक मूलद्रव्य बनवले. त्याच्या समस्थानिकांत डी ३/२ आणि एफ ७/२ या दोन्ही कक्षांची भरपूर सरमिसळ मुद्दाम ठेवली होती. मग त्या पातळ्यांना 'प्रयोगातून आलेल्या' मानून निव्वळ एफ ७/२ च्या साध्या मॉडेलने जुळवायला घेतले. पातळ्या सुरेख जुळल्या. सरमिसळीचा पत्ता ऊर्जांच्या आकड्यांवरून लागलाच नाही. ती परिणामी बलाच्या आकड्यांत मुरून गेली होती.

पंड्या रूपांतरात तुम्ही वापरलेले क्लोरीनचे चार आकडेसुद्धा तसेच आहेत. ते दोन नुसत्या न्यूक्लिऑनांमधले बल सांगत नाहीत. झूल पांघरलेल्या दोन कणांमधले सांगतात. एका न्यूट्रॉनची झूल काय करते ते पाहायचे असेल तर ऑक्सिजन-१७ चा चतुर्ध्रुव आघूर्ण, म्हणजे प्रभाराची वाटणी गोलापासून किती ढळली याचे माप, शोधा. कवचाबाहेर तिथे एकच न्यूट्रॉन आहे, त्याला प्रभारच नाही, म्हणून आघूर्ण जवळजवळ शून्य यायला हवा. मोजला तर तो ठळकपणे शून्याहून वेगळा येतो, म्हणून शेल मॉडेलच्या हिशेबात आम्ही त्या न्यूट्रॉनला सुमारे अर्धा प्रोटॉनचा प्रभार देतो. तो अर्धा प्रभार त्या न्यूट्रॉनचा नाही. त्याच्यामुळे आतल्या सोळा जणांनी जी किंचित कूस बदलली, तिचा तो हिशेब आहे.